डूकू, ओबी-वान, अनाकिन: तिघांत मोठा तलवारबाज कोण?

प्रश्न असा आहे: स्टार वॉर्समध्ये काउंट डूकू ओबी-वानला दोनदा लोळवतो, ओबी-वान अनाकिनला हरवतो आणि अनाकिन डूकूचे दोन्ही हात उडवतो. मग या तिघांत श्रेष्ठ कोण? आणि मेस विंडू डूकूसमोर उभा राहिला असता तर काय झालं असतं?

मी २२ वर्षं फेन्सिंग खेळतो आणि शिकवतो, मुख्यतः एपे, म्हणजे फक्त टोकानं टोचायच्या तलवारीचा प्रकार. लाइटसेबरचा, म्हणजे या चित्रपटांतल्या प्रकाशाच्या तलवारीचा, माझा अनुभव भाच्याच्या खेळण्यापुरता, त्यामुळे फोर्स या तिथल्या अदृश्य शक्तीबद्दल माझ्याकडून काही ज्ञान मिळणार नाही. पण पाय कुठे पडतात, अंतर कोण ठरवतो, वार कोण आधी हेरतो, हे बघायची सवय हाडात मुरली आहे. त्या नजरेनं सांगतो.

पहिली गोष्ट, तुम्हाला हे कोडं वाटतंय ते कोडं नाही. ज्या कोचकडे तीन बरे विद्यार्थी आहेत त्याला हे चक्र रोज दिसतं. माझ्याकडे एक डावखुरी मुलगी होती. एका उंच मुलाला ती डोळे मिटून हरवायची. तो उंच मुलगा आमच्या एका घिसाडघाई करणाऱ्या पोराला सहज पाडायचा. आणि ते पोर या मुलीला दर वेळी गाठायचं, कारण तिला विचार करायला उसंतच द्यायचं नाही. तिघांची क्रमवारी लाव म्हटलं तर काय लावणार? तलवारबाजी म्हणजे वजनकाटा नव्हे. एकाचं कसब दुसऱ्याच्या सवयीवर बसतं किंवा बसत नाही, एवढंच.

आता हत्यार बघा, कारण निम्मं उत्तर तिथेच आहे. स्पर्धेतल्या एपेचं वजन जास्तीत जास्त ७७० ग्रॅम आणि पातं ९० सेंटीमीटर. ते नुसतं टोचतं. लाइटसेबरच्या पात्याला चारी बाजूंनी धार, नुसता स्पर्श झाला तरी कापतं. म्हणजे घाव घालायला हात मागे खेचायची गरज नाही, धार सरळ लागते की नाही ही काळजी नाही. आणि मुठीपुढे हाताला आडोसा काही नाही. कायलो रेनची आडवी दांडी सोडली तर या चित्रपटांत कुणाला मुठीवर कवच लावावंसं वाटलेलं नाही, हे मला कधीच समजलेलं नाही.

याचा परिणाम मोजून बघा. १९८०च्या चित्रपटात नायक ल्यूकचा हात गेला, १९८३मध्ये व्हेडरचा (म्हणजे पुढे खलनायक झालेल्या अनाकिनचाच), २००२मध्ये तरुण अनाकिनचा, २००५मध्ये डूकूचे दोन्ही आणि विंडूचा एक. हात तोडायची दिग्दर्शकांना हौस आहे म्हणून लोक हसतात. एपे खेळणारा हसत नाही. शत्रूचा सगळ्यात जवळचा भाग म्हणजे त्याचं मनगट, आणि आम्ही आयुष्यभर तिथेच टोचत असतो. म्हणूनच एपेला वाटीएवढी ढाल असते. लाइटसेबर खरा असता तर बहुतेक झुंजी तीन सेकंदांत मनगटावर संपल्या असत्या.

हे अंदाजपंचे बोलत नाही. फ्रान्सच्या फेन्सिंग महासंघानं २०१९मध्ये लाइटसेबरला अधिकृत क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. झुंज तीन मिनिटांची, १५ गुण आधी करील तो जिंकला. डोक्याला किंवा धडाला लागलं तर ५ गुण, हातापायाला ३, पंजाला फक्त १. शिवाय वार करण्याआधी पात्याचं टोक एकदा पाठीमागे गेलं पाहिजे असा नियम. हा नियम नसता तर तीही साधी फेन्सिंग झाली असती, चटकन आत जाऊन चटकन बाहेर, आणि बघणाऱ्याला चित्रपटासारखं काही दिसलंच नसतं. चित्रपटाची शैली टिकवायला मुद्दाम कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

पुरावा म्हणून पडदा किती धरायचा, हाही प्रश्न आहे. १९७७च्या चित्रपटातली व्हेडर आणि म्हाताऱ्या ओबी-वानची संथ लढत बघून "दोघेही गंजले होते" असा निष्कर्ष काढणारे भेटतात. अहो, तेव्हाची नकली पाती इतकी नाजूक होती की जोरात आपटताच येत नव्हती. १९८० आणि १९८३मध्ये व्हेडरच्या चिलखतात झुंजीपुरता बॉब अँडरसन होता. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेला तलवारबाज. व्हेडरचा हात अचानक नेमका आणि जड झाला तो त्याच्यामुळे. १९९९मध्ये निक गिलार्डनं झुंजी बसवल्या आणि खलनायक डार्थ मॉलच्या भूमिकेत वुशू ही चिनी युद्धकला खेळणारा रे पार्क आला, की सगळ्यांचा वेग एकदम दुप्पट. ही पात्रांची प्रगती नाही, माणसं बदलली. म्हणून मी वेग बघत नाही. कोण कुठे उभा राहिला आणि कुणाची कोणती चूक कुणी वापरली, तेवढंच बघतो.

डूकूपासून सुरुवात करू, कारण तिघांत हात सगळ्यात शुद्ध त्याचा. पुस्तकांमध्ये लाइटसेबरच्या सात शैली सांगितल्या आहेत. चित्रपटांत ही नावं कुणी घेत नाही, पण बोलायला सोयीची आहेत. डूकूची मकाशी, म्हणजे तलवारीविरुद्ध तलवार यासाठीच घडवलेली. एका हातात वाकडी मूठ, अंग आडवं, टोक कायम समोरच्याच्या दिशेनं, पावलं छोटी. ख्रिस्तोफर ली तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि कठीण हालचाली बदली माणसानं केल्या, तरी पवित्रा मात्र अस्सल फेन्सरचा. ओबी-वानची सोरेसू याच्या उलट. अंगाभोवती पात्याची भिंत उभी करायची, गोळ्या परतवायच्या, समोरच्याला दमवायचं. या भिंतीचं एक दुखणं आहे: ती मोठ्या वर्तुळांवर उभी असते. समोरच्यानं टोकानं जरासा चकवा दिला की वर्तुळ तिकडे धावतं, आणि परत येईपर्यंत दंड किंवा मांडी उघडी. २००२मध्ये डूकूनं नेमकं तेच केलं. एक वार दंडावर, एक मांडीवर. छोट्या हालचालीनं मोठ्या हालचालीला हरवलं.

२००५मधला दुसरा पराभव मी तलवारीच्या खात्यावर धरत नाही. तिथे ओबी-वानला फोर्सनं गळा धरून उचललं, फेकलं आणि वर लोखंड पाडलं. हरला हे खरं, पण त्यावरून हाताबद्दल काही कळत नाही. "दोनदा लोळवलं" हे म्हणूनच दीड समजा.

अनाकिनसमोर हाच डूकू कसा फसला? अनाकिनची जेम सो म्हणजे अडवायचं आणि त्याच दमात दोन्ही हातांनी हाणायचं. दोन पाती एकमेकांना भिडली की कुठे भिडली याला फार महत्त्व असतं. मुठीजवळचा भाग भक्कम, टोकाकडचा कच्चा. डूकूची सगळी कला टोकाशी, म्हणजे कच्च्या भागाशी. समोरचा हलका असेल तर बोटांच्या खेळानं भागतं. पण वरून दोन हातांचा घाव येतोय, पुन्हा येतोय, आणि मागे सरकायला जागा संपत चाललीय, तेव्हा एका हाताचं मनगट किती वेळ टिकणार? तीन वर्षांपूर्वी २००२मध्ये हाच अनाकिन गुरूचं न ऐकता धावत गेला होता आणि विजेचा झटका खाऊन भिंतीवर आदळला होता. २००५मध्ये तो तितकाच रागात आहे, पण अंतर नीट खातो. डूकूला टोक पुढे काढायला जागाच देत नाही. शेवटी मनगट धरतो आणि दोन्ही हात जातात. शुद्ध हाताविरुद्ध सगळ्यात जुना उपाय, त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

मग मुस्ताफार या लाव्हाच्या ग्रहावर अनाकिनसमोर ओबी-वान. ही झुंज लांबलचक आहे आणि मधला बराच भाग मला सहन होत नाही. एके ठिकाणी दोघे समोरासमोर उभे राहून नुसती पाती फिरवतात, एकमेकांना न लागता. माझ्या हॉलमध्ये कुणी असं केलं तर मी शिट्टी वाजवून दोघांना पळायला लावीन. पण तो भाग सोडा आणि पायांकडे बघा. ओबी-वान जवळपास सगळी झुंज मागे जातोय. हा पळ नव्हे. दहा-बारा वर्षं ज्याला शिकवलं त्याचा प्रत्येक वार त्याला पाठ आहे. अनाकिनचं बळ समोरच्याच्या अंगावर चढण्यात, आणि ओबी-वान त्याला चढायला पक्की जागा देत नाही. दोघांच्या अंगाला पात्याचा धक्का जवळजवळ लागतच नाही, म्हणजे बरोबरीचा सामना. अशा सामन्यात हरतो तो आधी कंटाळणारा.

शेवटी ओबी-वान उंचावर उभा राहून उंच जागा आपली असल्याचं सांगतो. त्या उंच जागेबद्दल इतके विनोद झालेत की खरा मुद्दा मागे पडला. १९९९मध्ये हाच ओबी-वान खड्ड्यात लटकत होता आणि मॉल वर उभा होता. उंच जागा मॉलची. तरी ओबी-वाननं उडी मारली, त्याच्या डोक्यावरून गेला आणि कमरेत कापला. मग उंचीचा नियम कुठे गेला? फरक उंचीचा नव्हताच. पाय जमिनीवरून सुटला की दिशा बदलता येत नाही, ही उडीची किंमत. ती परवडते तेव्हाच, जेव्हा समोरच्याला उडी अपेक्षित नसते. मॉलच्या लेखी झुंज संपली होती. तो खाली बघत मजा घेत होता, आणि ओबी-वानच्या गुरूची, क्वाय-गॉनची, पडलेली तलवार उडत येऊन ओबी-वानच्या हातात पडेल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. अनाकिननं उडी मारली ती, समोरच्यानं "मारू नकोस" असं तोंडावर सांगितल्यानंतर. ओबी-वान तयार उभा होता. त्याला फक्त पातं त्या वाटेवर धरायचं होतं. दोन्ही पाय आणि उरलेला हात एका झटक्यात गेले.

आणि आता माझी आवडती झुंज. चित्रपटातली नाही, रेबल्स या अॅनिमेशन मालिकेतली, २०१७ची. वाळवंटात म्हातारा ओबी-वान आणि म्हातारा मॉल (कमरेत कापला गेला तरी तो जगला होता). तीन-चार सेकंद आणि खेळ खलास. मी ती विद्यार्थ्यांना दाखवतो. सुरुवातीला ओबी-वान त्याच्या नेहमीच्या सोरेसूच्या पवित्र्यात उभा राहतो. मग पवित्रा बदलतो आणि शेवटी त्याच्या गुरूसारखा, क्वाय-गॉनसारखा उभा राहतो. १९९९मध्ये मॉलनं क्वाय-गॉनला कसं मारलं होतं आठवा: मुठीचा फटका हनुवटीवर, तोल गेला, की पातं आरपार. मॉलला समोर जुनं सावज दिसतं आणि तो जुनाच डाव टाकतो. मूठ वर येते. ओबी-वानला ती यायला हवीच होती. तो मूठ आणि छाती एकाच घावात कापतो.

आमच्या खेळात याला सेकंड इंटेन्शन म्हणतात. पहिली हालचाल लागावी म्हणून करायचीच नाही. समोरच्यानं ठरावीक उत्तर द्यावं म्हणून करायची, आणि आपला खरा वार त्या उत्तरावर ठेवायचा. नवशिक्याला ही गोष्ट सांगून कळते, पण अंगात यायला आठ-दहा वर्षं जातात. इथे तर नुसतं उभं राहणं हाच चकवा होता. पात्याला पातं न लावता समोरच्याकडून हवा तो डाव खेळवून घेणं, यापेक्षा वरची पायरी मला माहीत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मॉलचं दुहेरी पातं दोघांशी लढताना कामाचं, एकाशी लढताना ओझं. एक टोक इकडे गेलं की दुसरं कुठे जाणार हे आधीच कळतं, आणि लांब मूठ म्हणजे कापायला आयती जागा. १९९९मध्ये ती कापली गेलीच. जनरल ग्रीव्हसचे चार हात, चार पाती, ऐकायला भयंकर. पण एका वेळी पोहोचणारं पातं एकच, बाकीची एकमेकांच्या आड येतात, आणि प्रत्येक जास्तीचा हात म्हणजे तोडायला जास्तीचं मनगट. ओबी-वाननं तेच केलं. योडाची उंची ६६ सेंटीमीटर. एवढी कमी पोच असलेल्यानं लांबून लढायचं नसतंच, आत घुसायचं आणि तिथेच राहायचं. त्याच्या कोलांट्यांना लोक सर्कस म्हणतात, मला तो नाइलाज वाटतो. अनाकिनची शिष्या असोका मूठ उलटी धरते ते मात्र मला पटत नाही. हातभर पोच उगाच घालवायची. तरी २०२०मध्ये क्लोन वॉर्स या मालिकेत तिनं मॉलला चीत केलं, तेव्हा माझं न पटणं माझ्यापाशी.

व्हेडरबद्दल एकच निरीक्षण. १९८०च्या झुंजीत तो सुरुवातीला एका हातानं लढतो, जणू कोच नव्या पोराची परीक्षा घेतोय. ल्यूकचा एक वार त्याच्या खांद्याला लागतो, आणि त्यानंतर काही क्षणांत ल्यूकचा हात गळून पडतो. एवढा वेळ तो काय राखून खेळत होता, ते त्या दोन क्षणांत कळतं. १९८३मध्ये ल्यूक जिंकतो तो मात्र धडाधड घाव घालून. त्यात राग पुष्कळ, तलवारबाजी थोडी.

आता विंडू. २००५च्या चित्रपटात मुख्य खलनायक पॅल्पटीनच्या दालनात विंडूसह चौघे जेडाय, म्हणजे फोर्स वापरणारे योद्धे, जातात आणि त्यातले दोघे पापणी लवायच्या आत पडतात. किट फिस्टो जरा टिकतो, तोही जातो. त्यावरून ते तिघे कच्चे ठरत नाहीत. ते अटक करायला आले होते, पॅल्पटीन मारायला उभा होता. जेडाय अजून बोलण्याच्या मनःस्थितीत आणि पॅल्पटीन हवेत, असा सामना कुठल्याही दर्जाच्या माणसानं गमावला असता. खरी झुंज सुरू होते ती विंडू एकटा उरल्यावर. पॅल्पटीन मुद्दाम हरला असं अनेकांचं म्हणणं आहे. खिडकीपाशी कोसळल्यानंतरच्या रडगाण्याबद्दल मी ते मान्य करीन. त्याआधीच्या तलवारीबद्दल नाही. त्याला मागे रेटत नेलंय, पायाला जागा उरलेली नाही, आणि हत्यार जातं ते तोंडावर बसलेल्या लाथेनं. मुद्दाम हरायचं असतं तर खिडकीच्या काठावर तोल जाईल अशा जागी कुणी हरत नाही.

तेव्हा तिघांचं उत्तर. समोरचा कोण हे आधी सांगितलंत तर मी वेगवेगळी नावं सांगेन. अनोळखी, नेमक्या हाताच्या माणसाशी एकच वार होईस्तोवर लढायचं असेल तर डूकू. चढाई करून दहा मिनिटांत निकाल हवा असेल तर अनाकिन. पण कसब म्हणजे शिकत राहणं असं धरलं तर ओबी-वान, आणि माझं मत तिथेच आहे. इतर दोघे ज्या गोष्टीत चांगले होते त्यातच चांगले राहिले आणि त्यातच पडले. अनाकिनला तर एकच चूक दोनदा भोवली, २००२मध्ये धावत जाण्याची आणि मुस्ताफारवर उडीची. ओबी-वाननं गुरूचा मृत्यू लाल दारामागून बघितला. त्याच वाराचं उत्तर त्यानं पुढे वाळवंटात दिलं.

विंडू आणि डूकू यांची झुंज चित्रपटांत झालीच नाही. २००२मध्ये आखाड्याच्या सज्जात दोघे हाकेच्या अंतरावर उभे होते, एवढंच. झाली असती तर सुरुवात डूकूची. पहिल्या पाच-सात देवाणघेवाणीत विंडूच्या मनगटावर एखादी खूण उठली असती, कारण विंडू दोन्ही हातांनी लढतो आणि हात पुढे टाकतो. पण विंडूची वापाड ही शैली समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवते म्हणतात, आणि पॅल्पटीनसमोर त्याचे पाय थांबलेले मी तरी बघितले नाहीत. डूकूला टोक मांडायला लागणारी ती अर्धी पावलाची जागा तो देत राहिला नसता. मोकळ्या मैदानात मी पैसे डूकूवर लावीन, बंद दालनात विंडूवर. आणि डूकूला हे माहीत असणार, कारण त्या दिवशी सज्जात त्यानं तलवार काढली नाही.